प्राध्यापक, महाविद्यालय आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला होता 'उच्च शिक्षण आणि समाज'. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा, म्हणून आम्ही त्यातला एक तुकडा घेतला. आम्ही दोघेही वर्धा जिल्ह्यात कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली माणसे. एकाचा विषय अर्थशास्त्र, दुसऱ्याचा मराठी. भाषण दोघांनी मिळून लिहिलं, वाचणार एकच आहे, म्हणून सगळीकडे 'आम्ही' आलं आहे. तो मोठेपणा समजू नये.

तुकडा असा : कॉलेजचा मास्तर वस्तीत येतो, पोरं घेऊन येतो, फॉर्म भरतो, फोटो काढतो. तो परत येतो का? आणि येत नसेल तर का येत नाही?

आपल्या वॉर्डात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती सर्व्हे झाले असतील, जरा आठवून पाहा. कोणी घरात माणसं किती ते विचारून गेलं, कोणी संडास आहे का ते, कोणी पोरगी कितवीत शाळा सोडून घरी बसली ते. कोणी बायांच्या बोटातून रक्त घेऊन गेलं. त्या रक्ताचं काय झालं, कोणाला किती कमी निघालं, हे सांगायला किती जण परत आले? आपल्या आयाबहिणींनी उत्तरं दिली, चहा पाजला, आणि त्या उत्तरांवर कोणाची तरी पीएच.डी. झाली. झाली तर आनंदच आहे. पण तो प्रबंध ज्यांच्यावर लिहिला त्यांना त्यातलं एक पान वाचून दाखवायला काय हरकत होती? हे आम्ही दुसऱ्यांवर दोष ठेवून बोलत नाही. आम्हीही त्यातलेच होतो, ते आधी सांगतो.

१९६९ हे गांधी जन्मशताब्दीचं वर्ष. त्या वर्षी २४ सप्टेंबरला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, देशातल्या ३७ विद्यापीठांत, सुमारे ४० हजार विद्यार्थी घेऊन. आज आपल्या घराघरातली पोरं त्या एन.एस.एस.मध्ये असतात. दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि हिवाळ्यात एका गावात शिबिर. आमच्या काळी शिबिर दहा दिवसांचं असे, पुढे सात दिवसांचं झालं. प्रत्येक कॉलेजात एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी असतो. आम्ही दोघेही आळीपाळीने ते काम केलं. मुळात ते आमच्याकडे आलं ते आम्ही स्टाफरूममध्ये वयाने सर्वांत लहान होतो म्हणून. आम्हाला जे थोड्या दिवसांचं प्रशिक्षण मिळालं त्यात हजेरीपट कसा ठेवायचा, हिशेब कसा द्यायचा, उद्घाटनाला पाहुणे कोण बोलवायचे, हे नीट शिकवलं. गावात माणसाशी कसं बोलायचं याचा तास काही झाला नाही.

१९८८च्या डिसेंबरात एका गावात शिबिर होतं. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावचे नातेवाईक इथे बसले असतील. पन्नास पोरं, शाळेच्या दोन खोल्या, सकाळी प्रभातफेरी, दिवसभर श्रमदान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. आम्ही गावात शोषखड्डे खणले. मोरीचं पाणी रस्त्यावर न जाता खड्ड्यात मुरावं म्हणून खाली मोठे दगड, वर गिट्टी, वर रेती. कुठे खणायचे त्याची यादी सरपंचांनी दिली, आणि ती आम्ही डोळे मिटून घेतली. यादीत बसस्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंतची घरं होती. नाल्याच्या पलीकडचा आपला बौद्धपुरा यादीत नव्हता. आम्ही स्वतः बौद्ध, आणि आमच्याही ते पाचव्या दिवशी लक्षात आलं. सहाव्या दिवशी पोरांना झाडू देऊन तिकडे पाठवलं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं आम्हाला विचारलं, "काऊन जी सर, तुमचे पोट्टे रस्ता झाडाले येतेत, घरी बसाले काऊन नाही येत?" आम्ही हसून वेळ मारून नेली. तिचा अंगण-ओटा आमच्या वसतिगृहाच्या खोल्यांपेक्षा स्वच्छ होता, झाडायला तिथे काही नव्हतंच.

शिबिर संपलं. अहवालात किती खड्डे, किती मीटर रस्ता, किती झाडे, सगळं भरलं. कॉलेजचं कौतुक झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये आमच्यापैकी एकजण एका लग्नाच्या बोलणीसाठी त्या गावी गेला. निम्म्याहून जास्त खड्डे गाळानं भरून वर आले होते, दोन ठिकाणी डास घोंगावत होते. खड्डा वर्षातून एकदा उपसावा लागतो, गिट्टी धुवावी लागते, हे आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला परत गेलो असतो तर कळलं असतं.

त्यानंतर आम्ही परत जाऊ लागलो. फार मोठं काही केलं असं नाही. महिन्यातून दोन रविवार, सोबत तीन-चार पोरंपोरी, एस.टी.ने जायचं आणि आपल्या पुऱ्यातल्या विहाराच्या ओट्यावर बसायचं. पहिले दोन-तीन रविवार कोणी आलंच नाही. नंतर एक बाप आला, पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन. १९९० साली संसदेनं अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती केली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, हे आपल्याला माहीत आहे. पण कायदा दिल्लीत झाला तरी दाखला तहसीलमध्ये काढावा लागतो. कोणत्या नमुन्यात अर्ज, बापाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय, पोराच्या दाखल्यावर काय, या भानगडीत माणसं चकरा मारत होती. आम्ही पोरांना बसवून कागद लावून दिले. मराठीचा प्राध्यापक अर्ज लिहायला बरा पडतो, ते त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी आलं. आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला तिथे कळलं की ग्रामीण कर्जबाजारीपणा हे प्रकरण तो बारा वर्षे जे शिकवत होता त्यात व्याजाचे दर होते, पण कापूस विकून आलेला पैसा घरी येण्याआधी कोणाकोणाच्या हातातून जातो हे नव्हतं. पुढे तो ते शिकवू लागला. म्हणजे उपकार आम्ही वस्तीवर केले नाहीत, वस्तीनं आमची शिकवणी सुधारली.

कॉलेजात काय झालं? शिबिराच्या काळाबाहेरचा प्रवास म्हणून भाडं मंजूर झालं नाही. "पोर्शन पूर्ण झाला का?" असं विचारलं गेलं. एका सहकाऱ्यानं मागे म्हटलं की हे आपल्या जातीचं काम करतात. पगार चालू होता, म्हणून आम्ही टिकलो. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता बोधिसत्त्व बाबासाहेबांकडे येतो. बाबासाहेब स्वतः प्राध्यापक होते, हे आपण कधी कधी विसरतो. १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत, आणि त्याच काळात, १९२० साली, 'मूकनायक' निघालं. पुढे १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, त्याच वर्षांत स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. वर्ग आणि समाज अशी दोन खाती त्यांनी कधी वेगळी ठेवली नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचं, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखा माणूस त्यांनी निवडला. तिथल्याच वातावरणातून आपल्या नागपूरचे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. एक प्राध्यापक, एक त्रैमासिक, आणि त्यात खेड्यापाड्यातली लिहिणारी पोरं. वर्गाबाहेरचं हे काम कोणत्या नियमात बसत होतं?

आणि १८ मार्च १९५६ चं आग्र्याचं भाषण. शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली, ते पोट भरण्यात गुंतले, असं बाबासाहेब तिथे दुःखानं बोलले. हे आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो, टाळ्याही वाजवतो, आणि ज्याला ते लागू आहे तो बहुधा मंचावर बसलेला असतो. आज आम्ही दोघे बसलो आहोत.

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. त्यांचे तिथले गुरू जॉन ड्यूई. हे ड्यूई आधी शिकागोत असताना 'हल हाऊस' नावाच्या घरात जात. जेन अॅडम्स या बाईंनी १८८९ साली गरीब, बाहेरदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीत ते घर उघडलं होतं. त्याच्या विश्वस्तांत ड्यूई होते. मोठा तत्त्ववेत्ता वस्तीतल्या लोकांसमोर व्याख्यानं देई, त्यांचं ऐके. म्हणजे विद्यापीठाच्या माणसानं वस्तीत जाऊन बसणं ही काही आमच्या म्हातारीनेच काढलेली कल्पना नाही, पण तिनं ती अधिक थोडक्यात सांगितली.

आता आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. सेवाग्रामचं नाव घेतलं की आपल्यातल्या काहींच्या कपाळावर आठी येते. पुणे कराराचा १९३२ चा इतिहास आपण विसरलेलो नाही आणि विसरायला सांगत नाही. पण आपल्या घरातल्या बाळंतिणी, आपले दम्याचे, विषारी फवारणी बाधलेले माणसं कुठे जातात? कस्तुरबा दवाखान्यातच जातात ना? तेव्हा तिथे जे चांगलं झालं ते शिकायला मान खाली घालायची गरज नाही.

डॉ. सुशीला नायर या गांधीजींच्या डॉक्टर, १९६२ ते १९६७ देशाच्या आरोग्यमंत्री. त्यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. खेड्यातला दवाखाना आधीच होता, त्याला कॉलेज जोडलं गेलं. तिथली पद्धत अशी : नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात पंधरा दिवस ठेवायचं, झाडलोट, श्रमदान, खादी. मग त्या तुकडीनं जवळचं एक गाव दत्तक घ्यायचं आणि त्या गावात पंधरा दिवस राहायचं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं. घरात कोण किती शिकलं, कोणाला काय दुखणं, पाणी कुठून येतं, हे त्यानं समजून घ्यायचं. शिक्षकही शिबिरात असतात, तपासण्या तिथेच होतात. आणि आमच्या शिबिरापेक्षा खरा फरक इथे आहे : पंधरा दिवसांनंतर खातं बंद होत नाही. तोच विद्यार्थी त्याच घरांकडे शिक्षण चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा जातो. त्या घरात म्हातारा वारला तर त्याला कळतं, नात झाली तर कळतं.

पण तुम्ही म्हणाल, ती संस्थेची शिस्त झाली, प्राध्यापकाचं काय? बरोबर आहे. शिस्त असली तरी काही शिक्षक गावात हजेरीपुरते जातात, ते सगळीकडेच असतं. म्हणून डॉ. उल्हास जाजूंचं सांगतो. ते मेडिसिनचे प्राध्यापक. गावोगाव फिरणं हे समाजवैद्यक विभागाचं काम, वॉर्डातल्या डॉक्टरचं नव्हे, असं मोठमोठ्या कॉलेजांत मानतात. या माणसानं ते मानलं नाही. नागापूरसारख्या गावात ते जाऊ लागले, लोकांबरोबर बसू लागले, आणि त्यातून ज्वारीची आरोग्य विमा योजना उभी राहिली. पीक निघालं की घरटी ज्वारी गोळा करायची, ज्याची शेती जास्त त्यानं जास्त, भूमिहीनानं कमी. त्या पैशातून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन आणि औषधं भागायची आणि सभासद कुटुंबाला कस्तुरबा दवाखान्यात मोफत किंवा सवलतीत उपचार मिळायचा. अट अशी की गावातली बहुसंख्य घरं, साधारण चारातली तीन, सामील व्हायला हवीत. म्हणजे पाटलाच्या आळीनं तेवढा फायदा घ्यायचा आणि आपला पुरा बाहेर, हे चालायचं नाही. आमची शोषखड्ड्यांची यादी आठवा आणि ही अट पाहा. पुढे जिल्ह्यात सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा घटला, विम्याची वर्गणी रोख झाली. पण ज्वारीच का, याचं कारण आम्हाला फार आवडतं. गरिबाच्या घरी पैसा कधी असतो कधी नसतो, मजुरीची ज्वारी मात्र सुगीला असते. हे कोणत्या पुस्तकात सापडलं नसतं, ओट्यावर बसूनच कळतं.

त्याच कॉलेजच्या समाजवैद्यक विभागानं, डॉ. बी. एस. गर्ग यांच्या काळात, आंजी आणि आसपासच्या साठहून जास्त गावांत २००३ पासून माता-बालकांच्या आरोग्याचं काम गावसमित्या, बचतगट, किशोरींचे गट यांच्या हाती देऊन केलं. डॉक्टरनं ठरवायचं आणि गावानं ऐकायचं, याच्या उलट. तरुण शिक्षक तिथे वरिष्ठांच्या मागे मागे जाऊन शिकले. प्राध्यापकातून पुढारी असाच घडतो असं आमचं मत झालं आहे. परिपत्रकानं घडत नाही. एकजण आधी जातो, दुसरा त्याच्या स्कूटरवर मागे बसून जातो, आणि पाच वर्षांनी तो दुसरा कोणाला तरी मागे बसवतो. आमच्या मागे आम्ही कोणाला बसवलं नाही. आम्ही निवृत्त झालो आणि त्या गावचे रविवार बंद पडले. ही आमची दुसरी चूक, आणि शोषखड्ड्यांपेक्षा मोठी.

परिपत्रकं मात्र भरपूर आली. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं बढतीसाठी गुणांचा तक्ता आणला. त्यात विस्तारकार्याला खाना होता, पण गाडी अडायची ती शोधनिबंधांवर. २०१४ ला उन्नत भारत अभियान आलं, प्रत्येक संस्थेनं किमान पाच गावं घ्यायची. २०२० चं शैक्षणिक धोरण आलं आणि महाराष्ट्रात पदवीच्या अभ्यासक्रमात समुदाय-सहभागाला श्रेयांक मिळू लागले. वैद्यकीय शिक्षणात देशभर कुटुंब दत्तक उपक्रम लागू झाला, प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबं. सेवाग्रामला जे पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालं ते आता सगळ्यांना सक्तीचं. चांगलंच आहे. पण याचा अर्थ येत्या काळात आपल्या दारात फॉर्म घेऊन येणाऱ्या पोरांची संख्या वाढणार, हेही समजून घ्या. त्यांच्यासोबत प्राध्यापक कोण येणार?

इथे ते मघाचं वाक्य. पगार चालू होता म्हणून आम्ही टिकलो. आज आपल्या समाजातली सेट-नेट झालेली, पीएच.डी. झालेली पोरंपोरी कॉलेजात कशी काम करतात? तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, सुटीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही माहीत नाही. अशा प्राध्यापकाला रविवारी स्वतःच्या खिशातून पेट्रोल टाकून गावात जा म्हणणं आणि त्याला समाजकार्याचं नेतृत्व म्हणणं, हे आम्हाला लाजिरवाणं वाटतं. तो नाही गेला तर तो आग्र्याच्या भाषणातला शिकलेला माणूस नव्हे. आग्र्याचं भाषण आमच्यासारख्या कायम पगारवाल्यांना होतं. म्हणून रिकाम्या जागा भरण्याची मागणी ही फक्त नोकरीची मागणी समजू नका. वस्तीत परत येणारा प्राध्यापक हवा असेल तर आधी तो पुढच्या जूनमध्ये कॉलेजात असला पाहिजे.

आता आपण काय करू शकतो ते. समितीशी आमचं बोलणं झालं आहे. विहारात एक वही ठेवायची. कोणत्याही कॉलेजची, विद्यापीठाची माणसं वॉर्डात माहिती घ्यायला आली की तारीख, कॉलेज, सोबतच्या प्राध्यापकाची सही, काय विचारलं, काय देतो म्हणाले, हे लिहून घ्यायचं. आणि नम्रपणे सांगायचं की निष्कर्ष काय निघाला तो एका पौर्णिमेला इथे येऊन मराठीत वाचून दाखवा. भांडायचं नाही, हाकलायचं नाही. सेवाग्रामच्या असोत, सावंगीच्या असोत, हिंदी विश्वविद्यालयाच्या असोत, पोरं शिकायला येतात, ती आपलीच आहेत. पण रक्त दिलं तर रिपोर्ट मागायचा. महिला मंडळानं ही वही सांभाळावी असं आम्ही सुचवलं, कारण दिवसा दार उघडणाऱ्या त्याच असतात. काही भगिनींचं म्हणणं पडलं की आम्हाला लिहायला भीती वाटते. सातवी-आठवीतली पोरगी लिहील, तुम्ही सांगा.

दुसरं, आमचे रविवार पुन्हा सुरू करायचे आहेत, या वेळी इथे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा आम्ही दोघे याच हॉलमध्ये बसू. शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटीवर भरावे लागतात, ते आम्हाला जमत नाही, कबूल करतो. म्हणून एक तासिकेवरचा तरुण प्राध्यापक येणार आहे, सोबत त्याचे दोन विद्यार्थी. तो हिंगणघाटहून येईल. त्याच्या येण्याजाण्याचं भाडं समितीनं द्यावं अशी आमची विनंती आहे. तो मागणार नाही, म्हणून आम्ही मागतो. ज्यांच्याकडे आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला असेल त्यांनी मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही आणावं.

सर्वांना जयभीम.